सारथ्य कोणी करायचे?

तक्रार हा वडीलधाऱ्या माणसांचा फार आवडता वाङ्मयप्रकार आहे. त्याला संपादक लागत नाही, प्रकाशक लागत नाही, आणि श्रोता घरातच बसलेला असतो. या प्रकारात अलीकडे एका नव्या तक्रारीची भर पडली आहे. 'हल्लीच्या मुलांना गाडी शिकण्याची हौसच राहिलेली नाही!' सुटीत पुण्यामुंबईहून येणारे पाहुणे ती बोलून दाखवतात. परदेशी लेकीकडे सहा महिने राहून आलेले आजीआजोबा ती तिकडच्या नातवंडांविषयी करतात. कधी कधी ती आकड्यांची झूल पांघरून वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीतही येते. आमच्या काळी सायकलच्या नळीखालून पाय घालून आम्ही कसे शिकलो, गुडघे कसे फोडून घेतले, हा त्या तक्रारीचा ठरलेला उपसंहार असतो.

मी चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानमुलुखातला एक शाळामास्तर आहे आणि कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे अशी तक्रार कानी आली, की एखादी कथा तपासावी तशी ती तपासून पाहण्याची खोड मला लागली आहे. ही कथा मुळात कोणाची? ती कोणाविषयी आहे? आणि सांगणाऱ्याने तिच्यातून काय गाळले आहे?

मूळ कथा अमेरिकेची आहे. तेथे 1983 साली सोळा वर्षांच्या मुलामुलींपैकी शेकडा 46 जणांजवळ मोटार चालवण्याचा परवाना होता. 2014 साली हे प्रमाण शेकडा साडेचोविसांवर उतरले. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी 2013 मध्ये परवाना नसलेल्या, अठरा ते एकोणचाळीस वयाच्या माणसांना याची कारणे विचारली. एकेकाने अनेक कारणे सांगितली. शेकडा 37 जण म्हणाले, वेळ मिळत नाही. 32 जण म्हणाले, मोटार बाळगणे परवडत नाही. 31 जण म्हणाले, दुसरे कोणीतरी नेऊन सोडते. जपानात तर तरुणांच्या या 'मोटारीपासून दुरावण्या'ला एक रूढ शब्दप्रयोगच आहे. म्हणजे गोष्ट खरी आहे, पण ती तेथली आहे. वेळ, पैसा आणि नेऊन सोडणारे माणूस ही तिन्ही कारणे पाहिली, तर त्यांत आळस कोठेच दिसत नाही. माणसाने हिशेब केलेला दिसतो.

आणि तेथे ही बातमी होते, याचे कारण तेथे मोटार ही नुसती वस्तू नव्हती. ती एका अख्ख्या वाङ्मयाची नायिका होती. फिट्झजेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी' (1925) या कादंबरीत पिवळी मोटार हे वैभवही आहे आणि मृत्यूही. जॅक केरुॲकच्या 'ऑन द रोड' (1957) मध्ये तर सबंध खंड मोटारीच्या चाकांखालून जातो. अमेरिकन मुलगा सोळाव्या वर्षी किल्ली हातात घेई, तेव्हा त्याची एक प्रकारे मुंजच लागे. त्या मुलाने आता किल्ली नको म्हणणे म्हणजे आपल्या वाङ्मयातील एका नायकाला निरोप देणे आहे. त्याची हळहळ तेथे वाटणे साहजिक आहे.

आपले काय? हौस कमी झाली असे म्हणायचे, तर ती आधी असायला हवी. मराठी मनात गाडी चालवण्याची हौस कधी होती काय?

थोडे मागे जाऊन पाहू. आपल्या परंपरेत रथ फार आहेत, पण मान रथात उभ्या राहणाऱ्याला आहे. घोडे हाकणाऱ्याला नाही. मद्र देशाच्या राजा शल्याला कर्णाचे सारथ्य कर म्हणताच तो संतापला, कारण त्याला तो अपमान वाटला. श्रीकृष्णाने अर्जुनाचे घोडे हाकले खरे. पण तो देवाचा मोठेपणा म्हणून आपण सांगतो. शिवाय तेथेही आपण गीता लक्षात ठेवली आणि घोडे विसरलो. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' 1967 साली आली आणि मराठी घराघरांतून वाचली गेली. तिच्या नायकाला जन्मभर जाळणारा शब्द कोणता? 'सूतपुत्र', म्हणजे सारथ्याचा मुलगा. कर्णाला तसे हिणवले म्हणून आपण डोळे पुसले. पण सारथ्याचा मुलगा असण्यात हीन ते काय, असा उलटा प्रश्न किती वाचकांनी स्वतःला विचारला असेल? कर्ण खरा क्षत्रिय होता, म्हणून आपले मन शांत झाले. तो खरोखरच अधिरथाचा मुलगा असता तर?

पुढे मोटारी आल्या, तेव्हा ही दृष्टी अलगद मोटारीतही येऊन बसली. मालक मागे आणि ड्रायव्हर पुढे. पुढे बसलेला तो खालचा आणि मागे बसलेला तो वरचा, अशी ही उफराटी उतरंड. त्यामुळे 'गाडी शिकणे' या शब्दांना मराठीत दोन अर्थ आले. सुखवस्तू घरात तो एक छंद होता. गरिबाच्या घरात बाप मुलाला म्हणे, 'दहावीत काही होत नसेल तर गाडी शीक, कुठेतरी चिकटशील.' एकाच शब्दात एकाची मौज आणि दुसऱ्याचे पोट. या दुसऱ्या अर्थाचा मुलगा आज गाडी नको म्हणत असेल, तर त्याला अमेरिकन मुलाच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे आहे.

आपल्या कथाकादंबऱ्यांनी या बाबतीत काय केले? स्पष्ट बोलायचे तर आपले वाङ्मय उतारूच्या जागेवर बसून राहिले. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'तला (1935) श्याम पायी चालतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला (1955) तरुण मास्तर नेमणुकीच्या गावी पायीच जातो. पु. ल. देशपांडे यांच्या 'म्हैस'मध्ये एसटी अडते, आणि मराठी समाजाचा एक नमुनेदार तुकडा रस्त्यावर उतरून बोलू लागतो. ड्रायव्हर तेथे आहे, पण आपले कान उतारूंकडे लागलेले असतात. प्रभाकर पेंढारकरांची 'रारंगढांग' (1981) ही तर रस्त्याचीच कादंबरी. पण ती रस्ता बांधणाऱ्यांची आहे, त्यावरून रोज जाणाऱ्यांची नाही. आमच्या भामरागडच्या मुलखावर विलास मनोहरांनी 'एका नक्षलवाद्याचा जन्म' लिहिली. ते जग पायवाटांचे आहे. ज्याच्या हाती चाक आहे अशा माणसाला नायक केलेल्या मराठी कादंबऱ्या आठवू लागलो, तर हाताची बोटे पुरून उरतात.

याला उतारा म्हणून कोणी बैलगाडीचे नाव घेईल, आणि ते योग्यच आहे. आमच्याकडे तिला बंडी म्हणतात. लग्नाकार्याला बायकामुलांना न्यायची ती रेंगी. आठदहा वर्षांचा मुलगा बापाच्या मांडीजवळ बसून कासरा धरायला शिके. वळणावर आतला बैल कसा आवरायचा, उतारावर बंडी कशी सांभाळायची, हे ज्ञान कोणत्याही शाळेत मिळत नसे. परंतु तिलाही हौस म्हणता येणार नाही. धान घरी आणायचे आणि जंगलातून लाकूडफाटा आणायचा, म्हणून ते शिकणे भाग होते. हौस होती ती शंकरपटापुरती. पटाची जोडी हाकणारा धुरकरी मात्र पंचक्रोशीत नाव कमावून असे. झाडीपट्टीत शंकरपट आणि नाटक यांची जोडी जुनी आहे. दिवाळीनंतर वडसा आणि आसपासच्या गावांतून रात्र रात्र चालणाऱ्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. याच रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. एके काळी नाटकाच्या मांडवाभोवती बंड्यांचा तळ पडे, आणि पहाटे झोपलेल्या घरादाराला बैल आपल्या आठवणीनेच गावी नेत. आज त्या तळावर फटफट्या उभ्या असतात. बैलाला घरची वाट ठाऊक होती, फटफटीला ती ठाऊक नाही, आणि रात्रभर जागलेल्या सतरा वर्षांच्या हाती ती असते.

येथे आपण आमच्या जिल्ह्यांतल्या प्रत्यक्ष मुलांपर्यंत आलो. आमच्याकडे नुसते 'गाडी' म्हटले की मोटारसायकल समजायची. तिची हौस कमी झाली आहे काय? छे! मिसरूड फुटण्याआधीच पोट्टे ती पळवू लागतात. कायदा म्हणतो, अठरा वर्षे पुरी झाल्याखेरीज नाही. 50 घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी तेवढी सोळाव्या वर्षी चालेल. पण पेट्रोलवरच्या 'लूना'सारख्या तसल्या हलक्या गाड्यांचा काळ मागे पडला, आणि सवलत कागदावर राहिली. 2019 च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. कायदा असा कडक आहे. पण दसऱ्याला झेंडूचा हार घातलेली नवी गाडी अंगणात उभी राहिली, की कायद्याचे पुस्तक कोण उघडतो? 2022 या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांत साडेनऊ हजारांच्या आसपास अठरा वर्षांखालील मुले होती.

पुण्याचा प्रकार वाचकांना आठवत असेल. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरात एका सतरा वर्षांच्या मुलाने भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांना उडवले. बाल न्याय मंडळाने जामीन देताना त्याला रस्ते अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितले. लोक खवळले आणि तो आदेश पुढे फिरवला गेला. निबंध तपासण्यात माझे निम्मे आयुष्य गेले आहे. 300 शब्दांत मुलगा काय शिकतो हे मी जाणतो. तो शब्द मोजायला शिकतो.

तरीही निबंधावर माझा विश्वास आहे, पण तो अपघाताआधी लिहिला तर. मी एकदा वरच्या वर्गातील मुलामुलींना लिहायला सांगितले, की तुम्हाला गाडी शिकावीशी वाटते की नाही, आणि का. वही तपासताना मला वाटले होते, सगळे जण हो म्हणतील. मुलग्यांपैकी बऱ्याच जणांनी तसे लिहिलेही; वाऱ्यासारखी धावणारी गाडी, मागे बसलेला मित्र वगैरे. परंतु काही वह्यांत सरळ 'नाही' होते, आणि ती कारणे वाचण्यासारखी होती. एकाचा बाप ट्रकवर आहे. तो आठवड्यातून एकदा घरी येतो आणि आला की झोपतो. मुलाने लिहिले होते की मला घरी राहणारे काम हवे आहे. एकाचा थोरला भाऊ गाडीवरून गेला तो परत आलाच नाही. एका मुलीने लिहिले होते, की मला कोणी हे विचारलेच नव्हते, म्हणून मी विचार केलेला नाही. व्याकरणाच्या चुका पुष्कळ होत्या. पण त्या वह्यांत मला जे समाजदर्शन घडले, ते गेल्या वर्षीच्या अनेक छापील कथासंग्रहांत घडले नाही.

या 'नाही'चा अर्थ कळायला आमचे रस्ते पाहिले पाहिजेत. चंद्रपूरकडे कोळसा आहे, बल्लारपूरचा कागद आहे, औष्णिक वीज आहे. आणि या सर्वांचे ओझे रस्त्यावरून वाहते. गडचिरोलीकडे एटापल्ली तालुक्यात सुरजागडचे लोहखनिज आहे, आणि गेल्या काही वर्षांत त्याच्या ट्रकांची रांग आलापल्ली-आष्टीच्या वाटेला लागली आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटते. जंगलातल्या वळणावर संध्याकाळी वाघ-अस्वलाची भीती आहे ती वेगळीच. अशा रस्त्याच्या कडेने सायकल दाबत शाळेत येणाऱ्या मुलाला चाकाचे काय आकर्षण वाटणार? जाहिरातीतला रस्ता नेहमी मोकळा असतो. त्याने पाहिलेल्या रस्त्यावर पुढे एक ट्रक, मागे एक ट्रक आणि मध्ये लाल धूळ असते. तो गाडी नको म्हणतो, तेव्हा त्याची ती नापसंती त्या रस्त्यावर केलेली टीका असते. आपण टीकाकार मंडळी पुस्तकांवर लिहितो. हा मुलगा रस्त्यावर लिहितो.

आता मुलींकडे वळू. या तक्रारीतून अगदी गाळून टाकलेले पात्र म्हणजे मुलगी. तिची हौस कमी झाली की वाढली, हे मोजायला कोणी गेलेलेच नाही. तिच्यासाठी चाक म्हणजे मानव विकास कार्यक्रमातली निळी एसटी, किंवा त्याच कार्यक्रमातून मिळालेली सायकल. ती निळी गाडी वेळेवर आली तर मुलगी दहावी होते. न आली तर घरी बसते, आणि पुढच्या दोन वर्षांत लग्न. 28 ऑक्टोबर 2021 पासून एसटी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल 2022 पर्यंत रेंगाळला. कामगारांची दुखणी खरी होती, त्याबद्दल माझा वाद नाही. परंतु त्या महिन्यांत ज्या घरी मोटारसायकल होती तेथला मुलगा शाळेत येत राहिला, आणि बहिणीचे नाव हजेरीपटावर नुसते राहिले. गाडी येणे न येणे हा कोणाच्या हौसेचा प्रश्न नाही, हे त्या हिवाळ्यात मला जितके कळले तितके एरवी कळले नसते.

आणि गाडी सर्वत्र येते असेही नाही. राज्य परिवहनाची पहिली बस 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. एटापल्ली तालुक्यातील गर्देवाड्याला अहेरीहून पहिली बस सुरू झाली ती 1 जानेवारी 2025 रोजी. धानोरा तालुक्यातील कटेझरीला एसटी पोहोचली त्याच वर्षीच्या एप्रिलात. मधली सत्त्याहत्तर वर्षे तेथली पिढ्यान् पिढ्या मुले पायी चालली. त्यांना गाडी शिकण्यात रस नव्हता, असे एखाद्या पाहणीच्या रकान्यात कोणी लिहिले असते, तर ते आकड्याने खरे आणि अर्थाने खोटे ठरले असते.

याच मुलखात एक उदाहरण असे घडले, की त्यावर कादंबरी का नाही याचे मला आश्चर्य वाटते. सिरोंचा तालुक्यातील रेगुंठा गावची किरण कुर्मा ही तरुणी पदव्युत्तर शिक्षण घेऊन गावी आली आणि वडिलांचा टॅक्सीचा धंदा तिने हाती घेतला. जेथे पुरुषही संध्याकाळनंतर गाडी काढताना दोनदा विचार करतात, त्या नक्षलग्रस्त जंगलरस्त्यावर ती रोज उतारूंची ने-आण करू लागली. वर्तमानपत्रांनी तिची दखल घेतली. पुढे राज्य सरकारच्या अर्थसाहाय्याने ती उच्च शिक्षणासाठी इंग्लंडातील लीड्स विद्यापीठात गेली. यात मला महत्त्वाचे वाटते ते हे, की चाक हाती घेणे हे तिच्या कथेचे शेवटचे पान नव्हते. गरज होती तेव्हा तिने चाक धरले. पुढचा रस्ता निघाला तेव्हा ती त्या रस्त्याने गेली. शेजारच्या यवतमाळातही 2019 मध्ये एसटीने आदिवासी मुलींना बस चालवण्याचे शिक्षण द्यायला आरंभ केला, आणि जून 2023 मध्ये सासवड-नीरा मार्गावर एका स्त्रीने प्रथमच एसटी चालवली. सूतपुत्राच्या कहाणीवर अश्रू ढाळणाऱ्या समाजात सूतकन्या अशा उजळ माथ्याने पुढे येत आहेत. आमच्या लेखकांची नजर मात्र अजून मागच्या आसनावर आहे.

मग मूळ तक्रारीचे काय? माझ्या मते ती तीन वेगळ्या माणसांना एकाच सदऱ्यात कोंबते. ज्याच्या दाराशी बस, आगगाडी आणि भाड्याची मोटार उभी असते, त्या शहरी मुलाला गाडी नको वाटली तर त्यात रडण्यासारखे काही नाही. उलट ते त्या शहराच्या सोयीचे प्रशस्तिपत्रक आहे. जो ट्रकवाल्या बापाकडे पाहून नको म्हणतो, त्याला दुसरे काम आणि दुसरा रस्ता द्यायला हवा. आणि जिला कोणी विचारलेच नाही, तिला आधी विचारायला हवे. तिघांनाही आळशी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु सोपी तक्रार ही बहुधा वाईट समीक्षा असते.

याच्या उलट, हौस भरभरून असलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे कौतुक करणेही थांबवले पाहिजे. 'आमचा बाळू आताच गाडी पळवतो हो' हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो. बंडीवर बसलेल्या मुलामागे बाप बसलेला असे, आणि चूक झाली तर बैल थांबत. गाडीवरच्या मुलामागे त्याच्याच वयाचे आणखी दोघे बसलेले असतात, आणि थांबवणारे कोणी नसते. शिकवणे म्हणजे किल्ली देणे नव्हे, हे आमच्या आजोबांना बैलांमुळे कळत होते. आपल्याला ते कायद्यामुळे कळावे, ही काही भूषणाची गोष्ट नाही.

दिवाळीत चार पाहुणे जमतील, फराळाच्या ताटाभोवती पुन्हा तीच चर्चा निघेल, आणि कोणीतरी कोपऱ्यात बसलेल्या सोळा वर्षांच्या पोराला 'काय रे, गाडी शिकलास की नाही?' म्हणून टोकेल. तेव्हा त्याच्याऐवजी एक दुसरा प्रश्न विचारून पाहावा: 'तुला कुठे कुठे जायचे आहे, आणि तिथे जायला काय आहे?' त्याच्या बहिणीलाही तोच विचारावा. उत्तर ऐकून कोणाच्या घरी गाडी घ्यावीशी वाटेल, कोणी तालुक्याच्या आगारात जाऊन सकाळच्या बसची मागणी करील, आणि एखादा लेखक असलाच, तर त्याला त्याची पुढची कादंबरी पुढच्या आसनावर बसलेली दिसेल.